यादी मोजून कन्सोल ठरत नाही

नागपूरच्या बर्डीत कन्सोलचा, म्हणजे गेम खेळायच्या मशीनचा, भाव विचारायला जाणाऱ्या पोरांच्या मोबाइलवर सध्या एक मेसेज फिरतोय: "ज्याचे एक्सक्लुझिव्ह गेम जास्त, तोच कन्सोल चालतो. पीएस-२ त्यांच्यावरच चालला, एक्सबॉक्स त्यांच्यावाचून पडला. म्हणून याद्या मोजा आणि लांब यादीवाला घ्या." एक्सक्लुझिव्ह म्हणजे एकाच कंपनीच्या कन्सोलवर मिळणारा गेम; पीएस म्हणजे सोनीचं प्लेस्टेशन, एक्सबॉक्स मायक्रोसॉफ्टचा. या सल्ल्यावर घरचे पन्नासेक हजार रुपये खर्च होतात, म्हणून एकेक वाक्य तपासून घेऊ.

"एक्सक्लुझिव्ह जास्त, तोच चालतो." हे खोडायला मारिओ कार्ट ८ हा एक गेम पुरतो. २०१४ साली तो निन्टेन्डोच्या वी-यू कन्सोलवर आला आणि तिथे त्याच्या सुमारे ८४ लाख प्रती खपल्या. वी-यू मात्र जगभरात एकूण १ कोटी ३५ लाखच विकला गेला. म्हणजे ज्यांच्याकडे कन्सोल होता त्यांतल्या दहापैकी सहा जणांनी गेम घेतला, पण गेमसाठी कन्सोल घ्यायला नवं गिऱ्हाईक फारसं आलंच नाही. टॅब्लेटसारखा कंट्रोलर पाहून अनेकांना हा निन्टेन्डोच्या आधीच्या वी कन्सोलचाच जोड वाटला. मशीनची ताकद कमी, त्यामुळे गेम बनवणाऱ्या बाहेरच्या कंपन्यांनीही हात आखडता घेतला. पुढे २०१७ मध्ये तोच गेम थोडी भर घालून निन्टेन्डोच्याच पुढच्या कन्सोलवर, स्विचवर आला आणि ६ कोटींच्या वर गेला. स्विच स्वतः १५ कोटींच्या पुढे पोचला. गेम तोच, ट्रॅक बहुतेक तेच. बदललं होतं मशीन. टीव्हीला लावा, नाहीतर उचलून हातात घेऊन खेळा. दुकानात एकदा पाहिलं की कोणालाही समजतं.

सेगा कंपनीच्या ड्रीमकास्ट कन्सोलकडेही शेनम्यू, जेट सेट रेडिओ असे एक्सक्लुझिव्ह गेम होते. २००१ मध्ये त्याचं उत्पादन थांबलं.

"पीएस-२ त्यांच्यावरच चालला." जीटीए व्हाइस सिटी हा गेम २००२ मध्ये आधी पीएस-२ वर आला, हे खरं. पण साधारण वर्षभराने तो एक्सबॉक्सवरही होता. पीएस-२ घराघरांत शिरला त्यात डीव्हीडीचा वाटा मोठा: एकाच डब्यात सिनेमे, नवे गेम आणि पहिल्या प्लेस्टेशनच्या जुन्या डिस्कही. त्याच काळातला निन्टेन्डोचा गेमक्यूब दीड जीबीची छोटी डिस्क घ्यायचा आणि त्यावर सिनेमा लागत नसे.

"एक्सबॉक्स त्यांच्यावाचून पडला." इथे तारखा लावून पाहा. २०१३ मध्ये एक्सबॉक्स वन ४९९ डॉलरला आला, कायनेक्ट कॅमेरा सक्तीचा. पीएस-४ ची किंमत ३९९ डॉलर. त्याआधी दर २४ तासांनी कन्सोल इंटरनेटला जोडून तपासणी करून घेण्याची अट जाहीर झाली होती. ती मागे घेतली, पण मनं दुखावली ती दुखावलीच. वर, दोन्हीकडे मिळणारा कॉल ऑफ ड्यूटी घोस्ट्स पीएस-४ वर १०८० पी, म्हणजे जास्त स्पष्ट चित्रात, आणि एक्सबॉक्सवर ७२० पी चालायचा. पीएस-४ चा गाजलेला अनचार्टेड ४ मे २०१६ मध्ये आला, तोवर जवळपास ४ कोटी पीएस-४ विकले गेले होते. गॉड ऑफ वॉर आणि स्पायडर-मॅन तर २०१८ चे. आघाडी आधी मिळाली, गाजलेली यादी नंतर आली. आणि एकदा गेम डिजिटल घेतले की ते त्या खात्याला बांधले जातात. पुढच्या कन्सोलला गिऱ्हाईक कंपनी बदलत नाही ते यामुळे.

मेसेजच्या बाजूने एक उदाहरण आहे. १९९७ चा फायनल फँटसी ७ हा गेम पहिल्या प्लेस्टेशनला खरोखर फळला. पण तो तिथे गेला कशामुळे? त्या वेळच्या निन्टेन्डो ६४ ची कार्ट्रिज (कन्सोलमध्ये खोचायचा गेमचा डबा) जास्तीत जास्त ६४ एमबीची, आणि या गेमला तीन सीडी लागल्या. मशीन सोयीचं होतं म्हणून गेम आला.

"याद्या मोजा." मोजणार कोणत्या? गॉड ऑफ वॉर २०२२ पासून पीसीवर आहे, फोर्झा होरायझन ५ एप्रिल २०२५ पासून पीएस-५ वर. यादीपेक्षा हे विचारा: मित्र कशावर खेळतात? डिस्कवाला आहे का? पीएस-५ ची डिस्क कन्सोलला बांधलेली नसते, खेळून झाली की विकता येते. डिजिटल गेम विकता येत नाही. बाहेरदेशची स्वस्त डिस्क चालते, पण तिचं डीएलसी (गेमला नंतर जोडायचा विकतचा भाग) त्याच देशाच्या खात्यावरून घ्यावं लागतं. भारतीय खात्यावरून घेतलेलं लागत नाही, पैसे वाया. पहिल्या पीएस-५ च्या ८२५ जीबीतले सुमारे ६६७ च हाती लागतात. जागा वाढवायची तर जेन-४ एम.२ एसएसडी (आत बसवायचा साठवणीचा तुकडा) हीटसिंकसकट, म्हणजे उष्णता घालवणाऱ्या पट्टीसकट घ्या, वाचनाचा वेग सेकंदाला ५५०० एमबी तरी हवा. निन्टेन्डो आपल्याकडे बहुतेक आयात होऊन येतो, तेव्हा दुरुस्ती कोण करणार हे दुकानदाराकडून बिलावर लिहून घ्या.

आणि कन्सोल ठेवणार कुठे, तेही आधी ठरवा. पीएस-५ साठी कंपनीने ३५ अंशांपर्यंतची हवा सांगितली आहे; आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असतो. बंद शोकेसमध्ये तो तापून सूचना देतो आणि बंद पडतो. कूलरच्या झोतात ठेवला तर ओलावा आणि गवताची धूळ थेट पंख्यात जाते. मागे-बाजूला वीतभर मोकळी जागा सोडा आणि कूलरचं तोंड दुसरीकडे ठेवा.