परदेशात गुंतवायचंय? आधी आठवडाभर रजा टाका

जगाच्या शेअर बाजारात भारताचा वाटा जेमतेम चारेक टक्के आणि आपले पैसे मात्र सगळे घरातच. याला तज्ज्ञ ‘होम बायस’ म्हणतात. म्हणजे दोष तुमच्या मनाचा. बरं, करू या इलाज.

बँकेत फॉर्म ए२ मागा, म्हणजे परदेशी पैसे पाठवायचा अर्ज. पैसे कशासाठी चाललेत ते सांगणारा, शेअर्ससाठीचा पर्पज कोड एस०००१ पाठ करून जा, काउंटरवर तो तुम्हालाच विचारतील.

वर्षाला अडीच लाख डॉलर पाठवायची मुभा आहे, सरकार उदार आहे. फक्त १० लाख रुपयांच्या वर जे जाईल त्यावर २० टक्के टीसीएस, म्हणजे बँकेने आधीच गोळा केलेला कर. १५ लाख पाठवताय? वर १ लाख ठेवा. रिटर्नमध्ये वळते होतात, धीर धरा.

नको? मग परदेशात गुंतवणारे म्युच्युअल फंड घ्या. सगळ्या फंडांना मिळून ७ अब्ज डॉलरची मर्यादा आहे, २०२२च्या फेब्रुवारीत दार लागलं, तेव्हापासून कधी किलकिलं होतं.

आता मजा. शेअर एकच असला तरी आयटीआर-१ विसरा, आयटीआर-२ भरा आणि त्यात शेड्यूल एफए, म्हणजे परदेशी मालमत्तेचा तक्ता. दरमहा थोडे थोडे घेतलेत ना, शिस्तीने? मग प्रत्येक खरेदीची वेगळी ओळ: कंपनीचा पत्ता, झिप कोड, घेतल्याची तारीख, सुरुवातीचं मूल्य, वर्षातलं सर्वोच्च मूल्य, अखेरचं मूल्य. ०.०७ शेअरसाठीसुद्धा. प्रत्येक आकडा रुपयांत करायला त्या त्या दिवसाचा स्टेट बँकेचा टीटी बायिंग रेट, म्हणजे बँकेचा डॉलर खरेदीचा दर. पण डिव्हिडंडला तो नाही, त्याला आधीच्या महिन्याच्या शेवटच्या दिवसाचा! आणि वर्ष? उत्पन्नाचं एप्रिल ते मार्च, एफएचं जानेवारी ते डिसेंबर. फेब्रुवारी २०२५चा डिव्हिडंड २०२४-२५च्या उत्पन्नात धरायचा, पण त्याच रिटर्नच्या एफएमध्ये नाही, कारण तिथे २०२४ चालू आहे. अमेरिकेने त्यातले २५ टक्के आधीच कापलेले, ते वळते करायला फॉर्म ६७ वेगळा. एवढं करून नोव्हेंबरात आयकर खात्याचा एसएमएस: परदेशी मालमत्ता दाखवायची राहिली का? चुकलात तर २०१५च्या काळा पैसा कायद्याखाली १० लाखांचा दंड. २० लाखांपर्यंतच्या शेअर्स-खात्यांना त्यातून सूट मिळाली तीही ऑक्टोबर २०२४पासून.

आणि हा म्हणे मनाचा दोष! अहो, पगारातून कर कापून उरलेले, बँकेतून उघडपणे पाठवलेले पैसे आहेत हे. सरकार, पॅनवर प्रत्येक डॉलरची नोंद तुमच्याकडे आहे. एका रिटर्नमध्ये दोन वर्षं कशाला? ती आधी एक करा, मग आमची मनं तपासा.