३६५ खोल्या

परवा दिल्लीत राष्ट्रपती भवनाची बाग बघून आलो. अमृत उद्यान. गुलाब उत्तम होते. माझा अपमान झाला त्यात गुलाबांचा काही दोष नाही.

रांगेत आमच्या पुढे एक काका होते. मफलर, काठी आणि मागे बारा-चौदा जणांचं मराठी लटांबर. काठी इमारतीवर रोखून त्यांनी जाहीर केलं, "खोल्या ३६५. दिवसाला एक."

मी आदल्या रात्री जागून वाचून गेलेलो. राहवलं नाही. "काका, ३४० आहेत."

काठी इमारतीवरून माझ्यावर आली. "मोजल्यात?"

"नाही, पण..."

"मग झालं तर!"

"आणि लीप वर्षी काय करतात हो?" मी तिरकसपणे विचारलं.

"त्या दिवशी गच्चीत झोपतात."

रांग खदखदली. माझी बायकोही. रांगेचं मी सोडून दिलं असतं.

मग खांबांवरच्या घंटा निघाल्या. साहेब जेवायला बसले की वाजतात म्हणे. "अहो, दगडात कोरल्यात त्या!" मी जवळजवळ ओरडलोच. काका मायेनं म्हणाले, "तुम्ही असे ओरडल्यावर कशाला वाजतील बिचाऱ्या?"

देशात अन्नटंचाई होती तेव्हा गव्हर्नर जनरल राजाजींनी इथल्या जमिनीत गहू पेरला होता, हेही मी घोकून नेलं होतं. पण म्हटलं नको, काका गव्हाचा साक्षीदार मागतील. पुढे बाकावर एका परक्या बाईंनी सरकून काकांना जागा दिली. मला नाही. वाचून येणाऱ्याचे पाय दुखत नसावेत.

संध्याकाळी कर्तव्य पथावरून विजय चौकाकडे चालत गेलो. लांबून अख्खं भवन दिसतं आणि जवळ जावं तसं ते रायसीनाच्या चढामागे बुडत जातं. शेवटी घुमटाचा जेमतेम माथा. भवनाचा वास्तुरचनाकार लुटियन्स, त्याला हे जन्मभर सललं. चढाला आधी स्वतःच होकार देऊन बसला होता. चूक ध्यानात आल्यावर थेट व्हाइसरॉयपर्यंत गाऱ्हाणं नेलं, पण कुणी दाद दिली नाही. शेजारच्या सचिवालयांचा वास्तुरचनाकार बेकर, त्याच्याशी कित्येक वर्षं अबोला. १९२९ साली इमारत पुरी झाली, चढ तसाच राहिला. आदल्या रात्री हे वाचताना मला हसू आलं होतं. आता त्या माणसाला चहा पाजावासा वाटला. आपण बरोबर आहोत आणि कुणाला त्याचं सोयरसुतक नाही, हे चौकात उभं राहून सोसायचं म्हणजे काय, ते मला विचारा. नाहीतर नका विचारू. विचारलंत तर म्हणाल, मोजलंय का.

रात्री हॉटेलवर बायको बहिणीला फोनवर सांगत होती, "अगं, ३६५ खोल्या! दिवसाला एक! आणि लीप वर्षी माहितीये काय करतात?"

मी दात घासत होतो. तोंडात फेस असताना "३४०" नीट म्हणता येत नाही.