स्मिता पाटीलला ‘ट्रॅजेडिएन’ म्हणायचं तर तिच्या कामासाठी म्हणा

धुळे-जळगावकडच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मजकूर जोरात फिरतोय. वर ‘आपल्या शिरपूरची लेक’ म्हणून स्मिता पाटीलचा फोटो आणि खाली चार दावे. ‘ट्रॅजेडिएन’ म्हणजे जिच्या आयुष्याचीच शोकांतिका झाली ती नटी, म्हणून स्मिता ट्रॅजेडिएन. हा शब्द मीना कुमारीसाठी निघाला. रडक्या भूमिका करणारी ती ट्रॅजेडिएन. आणि मराठी रंगभूमीवर पूर्वी बायकाच नव्हत्या, त्यामुळे आपल्याकडे हा प्रकारच नव्हता. चारही दावे चुकीचे आहेत.

मीना कुमारीचं लगेच निकालात निघतं. तिचा जन्म १९३३ चा. शब्द मूळचा फ्रेंच, आणि इंग्रजीत तो एकोणिसाव्या शतकातच रुळला होता. तिला लोक म्हणत ते ‘ट्रॅजेडी क्वीन’.

आता अर्थ. ट्रॅजेडिएन म्हणजे शोकांतिकेतल्या भूमिका करणारी अभिनेत्री. त्या काळी शोकांतिका करणारे नट वेगळे आणि विनोदी कामं करणारे वेगळे, अशी वाटणीच असे. ती मोडली आणि शब्दही जुनाट झाला. यात नटीच्या नशिबाचा काही संबंध नाही. इंग्रजी रंगभूमीवरची सर्वांत नावाजलेली ट्रॅजेडिएन सारा सिडन्स १८३१ मध्ये वारली तेव्हा पंचाहत्तर वर्षांची होती. तिला घरचं दुःख नव्हतं असं नाही. सातपैकी पाच मुलं तिच्या हयातीत गेली. पण लोक गर्दी करत ते शेक्सपिअरच्या ‘मॅकबेथ’मधली तिची लेडी मॅकबेथ बघायला. झोपेत चालण्याच्या प्रवेशात आधीच्या नट्या हातातली मेणबत्ती सोडत नसत. सिडन्सने ती खाली ठेवली, कारण हातावरचं न दिसणारं रक्त धुवायचं तर दोन्ही हात मोकळे हवेत. नाट्यगृह चालवणाऱ्या नाटककार शेरिडनने विरोध केला, तरी तिने ऐकलं नाही. ट्रॅजेडिएनचं काम म्हणतात ते हे. आणि लेडी मॅकबेथ काही पदर डोळ्याला लावून बसणारी बाई नाही, ती नवऱ्याला खुनाला उभं करते. ‘रडक्या भूमिका’ हा दावाही इथेच संपतो.

स्मिता १३ डिसेंबर १९८६ ला गेली, अवघ्या एकतिसाव्या वर्षी, बाळंतपणानंतर. खान्देशाला ती जखम अजून आहे, मलाही आहे. पण त्या मरणावरून तिचं काम ओळखायचं हे मला सहन होत नाही. ‘भूमिका’ आणि ‘चक्र’साठी तिला राष्ट्रीय पुरस्कार मिळाले ते ती जिवंत असताना, पडद्यावर जे केलं त्यासाठी. ‘उंबरठा’तली सुलभा घरी परत येते, नवऱ्याच्या आयुष्यात दुसरी बाई आहे हे कळतं, आणि ती पुन्हा घराबाहेर पडते. त्या वेळचा स्मिताचा चेहरा पाहा. दुखावलेली आहे, पण कोणाकडे काही मागत नाही. ‘मिर्च मसाला’ तर तिच्या पश्चात आला, आणि त्यात शेवटी ती हातात विळा घेऊन उभी आहे. हिला नुसती ‘बिचारी’ कसं म्हणायचं?

राहिला मराठी रंगभूमीचा दावा. बायका फारशा नव्हत्या, पण शोकनायिका होत्या, आणि त्या पुरुष उभ्या करत होते. ‘एकच प्याला’ पहिल्यांदा लागलं १९१९ मध्ये, आणि सिंधू होते बालगंधर्व. नवऱ्याच्या दारूपायी दुसऱ्यांची दळणं दळणारी सिंधू मरता मरता त्याला वाचवण्यासाठी फौजदारापुढे खोटं बोलते. तिथे आवाज थोडा जरी जास्त रडवेला झाला तरी ते खोटं पटणार नाही. आणि ज्या जळगावात हा मजकूर फिरतोय तिथेच बालगंधर्वांनी लहानपणी मेहबूबखाँकडे गाण्याची तालीम घेतली. शहरातलं खुलं नाट्यगृह त्यांच्याच नावाचं आहे. पुढे बायका रंगभूमीवर आल्या. १९७० च्या ‘नटसम्राट’मधली शांता जोगांची कावेरी ज्यांनी पाहिली त्यांना वेगळं सांगायला नको.

१३ डिसेंबरला हाच मजकूर पुन्हा येणार. पाठवणाऱ्यांनी फोटो खुशाल ठेवावा. खालच्या चार ओळी मात्र काढाव्यात आणि तिथे ‘भूमिका’, ‘चक्र’, ‘उंबरठा’ ही नावं लिहावीत, म्हणजे आपल्याकडची नवी पोरं निदान ते सिनेमे शोधून बघतील.