‘नापास म्हणजे नापास’: एका प्रतिक्रियेला लांबलेलं उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया रागाची आहे, पण मुद्द्याला धरून आहे. म्हणून ‘धन्यवाद’ म्हणून सोडून देत नाही. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. सीसीआयईची (सिस्को या नेटवर्किंग कंपनीच्या वरच्या पातळीच्या प्रमाणपत्राची) लॅब, म्हणजे प्रात्यक्षिक परीक्षा, माझी थोडक्यात हुकली, असं मी लिहिलं होतं. त्यावर तुम्ही म्हणता: नापास म्हणजे नापास, ‘थोडक्यात’ ही निव्वळ मखलाशी. नव्वद टक्के चालणाऱ्या कॉन्फिगरेशनला शून्य देणारी परीक्षा म्हणजे पैसे उकळण्याची सोय, आणि मी तिचीच वकिली करतोय. वर, सगळं ऑटोमेट होत असताना सीएलआयवर (कमांड टाइप करायच्या काळ्या स्क्रीनवर) आठ तास बोटं झिजवायची कशाला? शेवटी आव्हान: ‘नक्की कुठला प्रश्न चुकला ते तरी सांगा.’

आव्हानाचं आधी उरकतो. सांगणार नाही. परीक्षेला बसताना गोपनीयतेचा करार मान्य करावा लागतो आणि तो मोडणाऱ्यावर सिस्को बंदी घालू शकते. शिवाय ‘डम्प’, म्हणजे फुटलेले प्रश्न, म्हणून जे बाजारात विकलं जातं ते असल्याच सांगण्यातून जमलेलं असतं. त्यामुळे खाली जे उदाहरण देतोय ते घरच्या सरावातलं आहे, परीक्षेतलं नाही.

‘थोडक्यात’ या शब्दावर तुमचा आक्षेप अर्धा खरा आहे. रूटिंग-स्विचिंगच्या जुन्या लॅबमध्ये शंभरपैकी ऐंशी हा आकडा सगळ्यांना तोंडपाठ असायचा. आता पासिंगची रेषा जाहीर होत नाही. 2020 पासून तिच्या जागी आलेल्या एंटरप्राइझ इन्फ्रास्ट्रक्चरच्या लॅबचे दोन भाग आहेत. आधी तीन तास डिझाइन, तिथे उपकरणांना हातही लावायचा नसतो. मग पाच तास प्रत्यक्ष उभारणी आणि दुरुस्ती. दोन्ही भागांत किमान गुण हवेत आणि वर एकूण बेरीजही जमायला हवी. नापास झालात की विभागवार टक्के हातात पडतात, बस. तेव्हा दोन गुणांनी गेलो की आठ, हे मला कळायला मार्ग नाही. तरीही शब्द मागे घेत नाही, कारण टक्के कुठे गळलेत ते अहवालात दिसतं. जिथे कमी पडले ते विषय मला न येणारे नव्हते. तिथलं काम करून झालं होतं, तपासून झालं नव्हतं.

इथेच तुमचा दुसरा, नव्वद टक्क्यांना शून्य देण्याचा मुद्दा येतो, आणि तिथे मी अजिबात सहमत नाही.

समजा दोन राउटर आहेत, आर1 आणि आर2. दोघांच्या एका बाजूला ईआयजीआरपी, दुसऱ्या बाजूला ओएसपीएफ (राउटर एकमेकांना वाटा कळवतात त्या दोन पद्धती), आणि दोघांवर दोन्ही दिशांनी रीडिस्ट्रिब्यूशन, म्हणजे एका पद्धतीतल्या वाटा दुसरीत सोडणं. ईआयजीआरपीत बाहेरून आलेला एखादा रूट, म्हणजे एखाद्या नेटवर्ककडे जायची वाट, आहे. त्याचा अॅडमिनिस्ट्रेटिव्ह डिस्टन्स (कुठल्या पद्धतीवर किती विश्वास ठेवायचा तो आकडा) 170. आर1 तो उचलून ओएसपीएफमध्ये सोडतो. आर2 ला आता तोच रूट दोन्हींकडून ऐकू येतो: ईआयजीआरपीकडून 170 ने, ओएसपीएफकडून 110 ने. कमी आकडा जिंकतो. म्हणजे दाराशी असलेल्या नेटवर्ककडे आर2 सगळ्या ओएसपीएफमधून वळसा घालून जायला लागतो, आणि वर तोच रूट परत ईआयजीआरपीत ढकलतो. मेट्रिक (वाटेची किंमत सांगणारे आकडे) कसे ठेवलेत त्यावर पुढे नुसता वळसा होतो की ट्रॅफिक गोल-गोल फिरवणारा लूप, ते ठरतं.

गंमत अशी की बऱ्याचदा पिंग, म्हणजे पलीकडचं उत्तर देतंय का ते बघणारी चाचणी, जातो. स्क्रीनवर पाच उद्गारचिन्हं उमटतात, माणूस खूश होऊन पुढच्या प्रश्नावर जातो. ट्रॅफिक कुठल्या वाटेने गेलं ते दाखवणारा ट्रेसराउट कोण करतो? त्याहून वाईट म्हणजे कुठला राउटर आधी शिकला यावर हे अवलंबून असतं. आज वळसा आर2 घालत असेल तर रीलोडनंतर आर1 घालेल. प्रश्नात लिहिलेलं असतं की ट्रॅफिक अमुक वाटेनेच जावं. तुमच्या हिशेबाने हे नव्वद टक्के झालेलं काम. परीक्षकाने नक्की कशाचे गुण द्यायचे? कमांड टाइप केल्याचे? रूटला टॅग (ओळखीची खूण) लावून दुसऱ्या राउटरवर तो टॅग अडवणं, हे या कामातलं शेवटचं दहा टक्के नाही, ते मुख्य कामच आहे. बाकीचं कुठल्याही पुस्तकाच्या पाचव्या प्रकरणात सापडतं.

हे पुस्तकी वाटत असेल तर 8 जुलै 2022 ला कॅनडात काय झालं ते बघा. रॉजर्स या तिथल्या मोठ्या टेलिकॉम कंपनीच्या नेटवर्कमध्ये बदल चालू असताना डिस्ट्रिब्यूशन राउटरवरचा एक फिल्टर काढला गेला. त्यासरशी कोअर राउटरवर रूट्सचा असा लोंढा आला की ते कोलमडले. मोबाइल, इंटरनेट, डेबिट कार्डाचे व्यवहार, अनेकांचे 911 चे (तिथल्या आणीबाणीच्या नंबरचे) कॉलसुद्धा बंद. एक फिल्टर. बाकी कॉन्फिगरेशन जागच्या जागी होतं.

पैशांबद्दल मात्र वाद घालणार नाही. लॅबचे 1600 डॉलर, म्हणजे सव्वा लाखाच्या वर, शिवाय बंगळुरूला जाणं-राहणं वेगळं. कंपनी पैसे भरत असेल तर ठीक. स्वतःच्या खिशातून भरणाऱ्या पुण्या-नागपुरातल्या इंजिनिअरला ‘घे की अजून एक अटेम्प्ट’ म्हणणारे लोक मलाही पटत नाहीत. (2001 पर्यंत ही लॅब दोन दिवसांची होती. आधी उभारायचं, मग परीक्षकाने मुद्दाम बिघडवलेलं शोधून काढायचं. तेव्हाचे लोक आमच्या आठ तासांना हसतात, तोही त्रास आहेच.)

ऑटोमेशनचं म्हणाल, तर त्याच अभ्यासक्रमात पंधरा टक्के भाग ऑटोमेशन आणि प्रोग्रॅमेबिलिटीचा आहे. पायथन भाषा, उपकरणं प्रोग्रॅममधून चालवायचे नेटकॉन्फ, रेस्टकॉन्फ सगळं. तेव्हा ‘परीक्षा जुन्या जगात अडकली आहे’ हे तुम्ही कुठल्या जुन्या ब्लूप्रिंटवरून (अभ्यासक्रमाच्या यादीवरून) म्हणताय ते कळलं नाही. आणि 4 ऑक्टोबर 2021 ला फेसबुक, व्हॉट्सअॅप, इन्स्टाग्राम सहा-एक तास गायब झालं, ते आठवत असेल. देखभालीदरम्यान दिलेल्या एका कमांडने त्यांचं बॅकबोन, म्हणजे डेटा सेंटरना जोडणारं मुख्य नेटवर्क, तुटलं. अशी कमांड अडवण्यासाठी तपासणीचं टूल होतं, पण त्यातच बग होता. मग डेटा सेंटरशी संपर्क तुटल्यामुळे डीएनएस सर्व्हरनी (नावावरून पत्ता सांगणाऱ्यांनी) आपले बीजीपी रूट, म्हणजे इंटरनेटला जाहीर केलेल्या आपल्या वाटा, मागे घेतले आणि बाहेरच्या जगाला फेसबुक सापडेनासं झालं. एवढं ऑटोमेशन असलेल्या ठिकाणीही शेवटी माणसांना डेटा सेंटरमध्ये पाठवावं लागलं. स्क्रिप्ट चुकीचा रूट हजार राउटरवर एकाच मिनिटात पोचवते. तो चुकीचा आहे हे आधी कुणाला तरी ओळखता यायला हवं.

तुम्ही लिहिलंय की तुम्हीही तयारी करताय आणि ईव्ह-एनजीवर (संगणकावर आभासी राउटर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर) टोपॉलॉजी, म्हणजे नेटवर्कची जोडणी, उभी केली आहे. मग वरचे आर1, आर2 तिच्यात बसवा. टॅग न लावता रीडिस्ट्रिब्यूट करा, दोन्हींवर ‘शो आयपी रूट’ ही कमांड देऊन निवडलेल्या वाटा बघून ठेवा. मग आधी एकच रीलोड करा, नंतर दोन्ही एकदम, आणि प्रत्येक वेळी पुन्हा बघा. आउटपुट इथेच प्रतिक्रियेत टाका. आर2 ने काय निवडलं ते बघून, तुमच्या मते त्याला किती गुण द्यावेत, यावर पुढे बोलू.