शिशाची तार की बिनशिशाची? एका ताईंच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार ताई,

तुमची प्रतिक्रिया खरमरीत आहे आणि मुद्देसूदही. म्हणून खाली दोन ओळी खरडण्याऐवजी वेगळं लिहितोय. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. गणपतीच्या मखराला एलईडीची पळती माळ घरी कशी करायची, या लेखात मी लिहिलं होतं की सोल्डरिंग, म्हणजे वितळलेल्या धातूने वायरी आणि पाय जोडणं, नव्याने शिकणाऱ्याने ६३/३७ ची, म्हणजे ६३ टक्के कथील आणि ३७ टक्के शिसं असलेली तार घ्यावी. ताई इथल्याच, इंदूरच्या. शाळेत रसायनशास्त्र शिकवतात. त्यांचं म्हणणं असं: युरोपने २००६ मध्ये शिशावर बंदी आणली, आपल्याकडेही कायदा झाला, तरी चार पैसे वाचवायला मी लोकांना विष घ्यायला सांगतोय. मुलं तो शिशाचा धूर छातीत ओढतात. लेडफ्री, म्हणजे बिनशिशाची, तार आता तितकीच सोपी झालीय, तिला अवघड म्हणणारे सवयीचे गुलाम आहेत. आणि शेवटी एक प्रश्न: त्यांचा सहावीतला मुलगा शाळेच्या रोबोटिक्स क्लबात सोल्डरिंग शिकणार आहे, त्याच्या हाती कोणती तार द्यावी?

आधी धूर. तुम्ही रसायनशास्त्राच्या, तेव्हा आकडेच मांडतो. शिसं वितळतं ३२७ अंशांना, उकळायला त्याला १७४९ अंश लागतात. आपल्या सोल्डरिंग आयर्नचं बिट, म्हणजे तापणारं टोक, ३५० च्या आगेमागे असतं, फार तर ४००. शिशाच्या वाफेची धास्ती कारखान्यांत घेतली जाते ती साधारण ५०० अंशांच्या पुढे. टेबलावर जो पांढरट धूर वर येतो तो तारेच्या पोटातल्या फ्लक्सचा, म्हणजे राळेचा. दुकानात बिरोजा म्हणतात तोच. कल्हईवाला तापल्या पातेल्यात नवसागर टाकतो ना, त्याच कामाला हा: धातूवरचा ऑक्साइड उतरवायचा आणि कथलाला बसायला स्वच्छ जागा करून द्यायची.

धुरात शिसं नाही म्हणून तो ओढत बसा, असं मी कुठेच लिहिलेलं नाही. राळेच्या धुराने दमा जडतो. कामामुळे जडणाऱ्या दम्याच्या मुख्य कारणांत ब्रिटनचं कामगार-सुरक्षा खातं त्याला धरतं. आणि एकदा का शरीराने त्याच्याशी वैर धरलं की पुढे अगदी थोडा धूरही पुरतो. आता गंमत बघा, लेडफ्री तारेतही फ्लक्स असतोच, आणि तो बहुतेकदा जास्त जहाल. कथील जास्त असलेली मिश्रधातू पसरायला आळशी, म्हणून फ्लक्स कडक घालावा लागतो. शिवाय बिट अजून तापवावं लागतं. त्यामुळे धूर कमी होत नाही, वाढतोच. तुमची धुराची काळजी रास्त आहे, पण तार बदलून ती मिटणार नाही. जुन्या कॉम्प्युटरचा १२ व्होल्टचा पंखा कामाच्या पलीकडे खिडकीकडे तोंड करून लावा, धूर ओढून बाहेर टाकेल असा. छताचा पंखा बंद. तो धूर दाबून नेमका नाकाशी आणतो. मे महिन्यात कूलरसमोर बसून सोल्डरिंग करणारी मंडळीही मी पाहिलीत. धूर पांगतो खरा, पण जॉइंटही गार पडतो.

शिसं शरीरात जातं ते हातावाटे, तोंडातून. याबद्दल तुम्ही काहीच लिहिलं नाहीत, आणि मला तर सगळ्यात जास्त यावरच बोलायचं आहे. एका हातात आयर्न, दुसऱ्यात एलईडीचा पाय धरलेला, मग तार धरायला तिसरा हात आणायचा कुठून? तार दातात धरतात. चांगले शिकलेसवरलेले लोक धरतात. दुसरी आपली इंदुरी खोड: काम करता करता शेजारी शेवेची वाटी. तार सोडवताना अंगठ्यावर आणि तर्जनीवर करडी झाक येते, कागदावर बोट घासलं तर पुसट रेघ उमटते. ती झाक शेवेला लागते आणि शेव पोटात जाते. ०.८ मिलिमीटरच्या तारेच्या एका सेंटीमीटरमध्ये सुमारे १५ मिलिग्रॅम शिसं असतं. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने मुलांच्या रोजच्या खाण्यातल्या शिशासाठी जी संदर्भ-मर्यादा धरलीय ती २.२ मायक्रोग्रॅम. म्हणजे त्या सेंटीमीटरचा हजारावा भाग जरी बोटाला चिकटून पोटात गेला, तरी मुलाचा सहा-सात दिवसांचा हिशेब एका घासात पुरा. जागतिक आरोग्य संघटना म्हणते की लहान मुलं पोटात गेलेलं शिसं मोठ्यांच्या चार-पाच पट शोषून घेतात, आणि शिशाची सुरक्षित म्हणावी अशी कोणतीही पातळी ठाऊक नाही. गरोदर बाईने तर शिशाच्या तारेच्या वाटेला जाऊच नये. शिसं वार (प्लासेंटा) ओलांडून बाळापर्यंत पोहोचतं.

हे आकडे तुमच्याच बाजूचे आहेत असं वाटेल. मुलांपुरते आहेतच. पण मोठ्या माणसाने तार दातात धरली नाही, टेबलावर खाणंपिणं ठेवलं नाही आणि उठताना साबणाने हात नीट धुतले, तर त्याच्या पोटात जाणारं शिसं नगण्य राहतं. माझा लेख त्याच माणसासाठी होता.

सकर नावाची एक वस्तू मात्र मोठ्यांनाही चकवते. जुना जॉइंट सोडवायला आपण पिचकारीसारखा तो पंप वापरतो. भरला की उघडून टेबलावरच ठोकतो, आणि आतून बारीक करडी पूड सांडते. ही पूड तारेपेक्षा वाईट. फुंकर मारून ती उडवणारे बहाद्दर आहेत! ओल्या फडक्याने पुसून ते फडकं आणि तारेचे तुकडे वेगळ्या डबीत टाकावेत. आपल्या शहराच्या कचरागाडीला ई-कचऱ्याचा आणि घातक कचऱ्याचा वेगळा कप्पा असतो, डबी तिथे रिकामी करावी.

आता कायदा. युरोपचा रोह्ज निर्देश, म्हणजे इलेक्ट्रॉनिक मालातल्या घातक पदार्थांवर मर्यादा घालणारा नियम, २००३ चा, लागू झाला १ जुलै २००६ पासून. मालातल्या कोणत्याही एकजिनसी भागात शिसं ०.१ टक्क्याहून जास्त नको, असं त्याचं म्हणणं. टाकाऊ इलेक्ट्रॉनिक मालाच्या निर्देशाचा तो जुळा भाऊ. त्यांचा डोळा होता कोट्यवधी टीव्ही-फोन कचऱ्यात गेल्यावर जमिनीत आणि पाण्यात उतरणाऱ्या शिशावर, आणि तो माल हातांनी तोडणाऱ्यांवर. आपल्याकडे २०११ च्या ई-कचरा नियमांत हीच अट आली आणि १ मे २०१४ पासून लागू झाली, तीही ठरावीक उपकरणं बनवणाऱ्या आणि आणणाऱ्या उत्पादकांना. घरी स्वतःच्या मखराला माळ करणारा त्यात बसत नाही. खुद्द युरोपनेही ८५ टक्क्यांहून जास्त शिशाच्या, उच्च तापमानाला वितळणाऱ्या सोल्डरला सूट दिली. वैद्यकीय उपकरणं तर २०१४ पर्यंत निर्देशाच्या बाहेरच होती. शिसं सोडण्यात एक धोकाही होता. शुद्ध कथलाच्या मुलाम्यातून कथलाचेच बारीक केस उगवतात आणि शेजारच्या पायाला टेकून शॉर्ट करतात; थोडं शिसं मिसळलं की ही खोड बरीचशी मोडते. मे १९९८ मध्ये गॅलेक्सी-४ उपग्रह बिघडला आणि अमेरिकेतले बहुतेक पेजर मुके झाले, त्याचं खापर अशाच केसांवर फुटलं. (मखराच्या माळेला या केसांची फिकीर नाही. दहा दिवसांत सहसा काही उगवत नाही.)

आणि 'तितकीच सोपी' या शब्दांवर मी अडून बसणार. ६३/३७ वितळते १८३ अंशांना. स्वस्तातली लेडफ्री, ९९.३ टक्के कथील आणि ०.७ टक्के तांबं, २२७ ला. ३ टक्के चांदी घातलेली सॅक-३०५ साधारण २१७ ते २२० च्या दरम्यान, पण चांदीमुळे ती कितीतरी महाग. ३५-४५ अंशांचा फरक कागदावर किरकोळ दिसतो. नवख्याच्या टेबलावर काय होतं ते सांगतो. हातात २५ वॉटचं साधं आयर्न, तापमानावर ताबा नसलेलं. समोर तपकिरी झिरो पीसीबी, म्हणजे भोकाभोकांचा आणि तांब्याच्या चकत्यांचा तयार बोर्ड. एलईडीच्या पायाला बिट टेकवलं तर काम होतं. पण ग्राउंडची जाड तांब्याची पट्टी आली की बिट गारठतं. लेडफ्री तार अर्धवट वितळून दाण्यादाण्याची, दह्यासारखी बसते. नवखा अजून दाबून धरतो. मोजून पाहा, आठ-दहा सेकंद सहज जातात. तेवढ्यात तांब्याची चकती बोर्डापासून सुटून बिटाबरोबर वर येते. झिरो पीसीबीवर एकदा चकती सुटली की तिथे पुढे सगळा वायरींचा जुगाड. ६३/३७ त्याच आयर्नवर दोन-तीन सेकंदांत पाण्यासारखी पसरते आणि सोडल्याबरोबर घट्ट होते, मधली लापशी अवस्थाच तिला नाही. शिवाय नीट जमलेला लेडफ्री जॉइंटसुद्धा फिकट, खरबरीत दिसतो. शिकणाऱ्याला वाटतं ड्राय राहिला, म्हणजे नीट जुळलाच नाही, म्हणून तो पुन्हा तापवतो आणि चकती उडवतो. कारखान्यात भट्टी असते, बोर्ड आधी तापवून घेतात, तापमानाचा आलेख ठरलेला असतो. तिथे लेडफ्री सोपी, हे मान्य. आणि हो, जास्त कथील बिटावरचा लोखंडाचा थरही लवकर खातं.

'चार पैसे वाचवायला' हे मात्र मला लागलं. पैसे वाचवायचे असते तर मी ६३/३७ सांगितलीच नसती. बाजारात त्याहून कितीतरी स्वस्त बिननावाची रिळं मिळतात. कथील महाग आणि शिसं स्वस्त, म्हणून लेबलावर ६०/४० आणि आत निम्मंअधिक शिसं, असला माल सर्रास असतो. ४० टक्के कथलाची तार पूर्ण वितळायला सुमारे २३८ अंश घेते, म्हणजे शिसंही पदरात आणि त्रास लेडफ्रीपेक्षा जास्त. ओळखायची तर कोऱ्या कागदावर घासून बघा. नावाजलेल्या ६३/३७ च्या शेजारी तिने जास्त काळी रेघ ओढली, तर समजा.

आणखी एक, कारण तुम्ही लिहिलंय की कमी तापमानाची लेडफ्री तारही मिळते. मिळते. ४२ टक्के कथील, ५८ टक्के बिस्मथ, १३८ अंशांना वितळणारी. कोऱ्या बोर्डावर ठीक, ठिसूळपणा चालत असेल तर. पण जुन्या शिशाच्या जॉइंटवर ती लावू नका. बिस्मथ, शिसं आणि कथील तिघं एकत्र आले की त्यातला काही भाग ९६ अंशांनाच वितळतो, आणि पॉवर ट्रान्झिस्टरच्या पायाशी ९६ अंश काही दूरचे नाहीत.

आता तुमच्या मुलाचं. सहावीतल्या पोराच्या हाती शिशाची तार देऊ नका, यावर आपलं एकमत आहे. वर्गातली बोटं दर दोन मिनिटांनी तोंडात, नाकात, डब्यात जातात; हात धुण्याच्या शिस्तीवर मी तरी विसंबणार नाही. पण क्लबाला नुसती तार बदलायला सांगून भागणार नाही. लेडफ्री द्यायची तर तापमान ठरवता येणारं, निदान ६० वॉटचं सोल्डरिंग स्टेशन हवं, त्याला रुंद छिन्नीसारखं बिट, ३६० च्या आसपास. सुईसारखं टोक मुलांना आवडतं, पण उष्णता पोहोचवत नाही. क्लबाकडे २५ वॉटचीच आयर्न असतील, तर यंदा ब्रेडबोर्ड (सोल्डर न करता पाय नुसते खोचायचा बोर्ड) आणि स्क्रूच्या कनेक्टरवर रोबो बनवू द्या. चालेल तो मस्त. जुनं स्टेशन, जुनी बिटं आणि स्पंज आधी शिशाच्या तारेला वापरलेले असतील तर मुलांसाठी नवे घ्यायला लावा, नाहीतर लेडफ्रीला काही अर्थ राहत नाही. आणि कबाडीतून आणलेले जुने रेडिओ-टीव्हीचे बोर्ड सोडवायचा खेळ अशा क्लबांत फार लाडका असतो. अशा जुन्या बोर्डांत शिसं धरूनच चाला. तो खेळ दहावीनंतर.

खरेदीला जेल रोडला जाल तेव्हा नुसतं 'सोल्डर वायर' मागू नका. 'लेडफ्री, ९९.३ कथील, ०.७ तांबं, ०.८ मिलिमीटर, आत फ्लक्स' असं म्हणा. काउंटरवरचा पोरगा 'अरे दीदी, सब एक ही है' म्हणत ६०/४० चं रीळ पुढे सरकवेल. ते परत करा आणि ज्या रिळाच्या लेबलावर मिश्रणाचे आकडे छापलेत तेच घ्या. नुसतं हिरवं पान छापलेलं असेल आणि आकडे नसतील, तर तेही परत करा.