पुण्यातल्या नववीला समुद्र दाखवा

आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर सध्या एकच विषय चालू आहे. भाची नववीत आहे, तर अकरावीला इंटिग्रेटेड कॉलेज घ्यायचं की साधं कॉलेज आणि वेगळा क्लास. जेईई की नीट, एवढाच काय तो प्रश्न. मी मध्येच विचारलं, बंदरं, जहाजबांधणी, समुद्रविज्ञान यातलं काही तिच्या कानावर घातलंय का कुणी? ताईचं उत्तर लगेच आलं, "अरे, पुण्यात कुठला आलाय समुद्र!"

मी नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमला बंदराच्या कामात आहे, त्यामुळे हे मनाला लागतं. पण नुसतं लागतं म्हणून लिहीत नाही. ताईचं म्हणणं वस्तुस्थितीला धरून नाही.

खडकवासल्याला केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र आहे, १९१६ साली सुरू झालेलं. देशातल्या कितीतरी बंदरांचा अभ्यास तिथे होतो. मोठ्या शेडमध्ये किनारा, खाडी, धक्के सगळं प्रमाणात लहान करून बांधतात, पाणी सोडतात आणि यंत्राने लाटा उठवतात. मग लाटरोधक भिंत जरा लांबवली किंवा तिचा कोन बदलला, तर लाटा आत कुठवर शिरतात, धक्क्याला लागलेलं जहाज किती हलेल, हे मोजून पाहतात. मुंबईच्या बंदराचे प्रश्न सिंहगडाच्या वाटेवर सोडवले जातात आणि त्याच वाटेने पिठलं-भाकरी खायला जाणाऱ्या आपल्या मुलांना त्याचा पत्ता नसतो. लोणी काळभोरला आणि तळेगावजवळ इंदोरीला मर्चंट नेव्हीचे अधिकारी आणि इंजिनिअर घडवणाऱ्या संस्था आहेत. लोणावळ्याच्या आयएनएस शिवाजीमध्ये नौदलाचे इंजिनिअर शिकतात. पाषाणच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत मॉन्सूनचा अभ्यास हिंदी महासागराला वगळून होऊच शकत नाही. आणखी काय हवं?

इकडे बंदर शहरापासून उत्तर समुद्रापर्यंत सुमारे ४० किलोमीटर पसरलेलं आहे, त्यामुळे मुलांच्या नजरेला ते पडतंच. पण तेवढ्यावर सोडून देत नाहीत. दर सप्टेंबरच्या सुरुवातीला बंदर लोकांसाठी खुलं होतं, पोरंसोरं टगबोटींवर चढतात, प्रश्न विचारतात. बंदराच्या मासव्लाक्ते भागातल्या नव्या टर्मिनलांवर क्रेन चालवणारा माणूस उंच केबिनमध्ये नसतो, तो ऑफिसात पडद्यांसमोर बसून कंटेनर उचलतो. तेरा-चौदा वर्षांच्या मुलीने हे एकदा पाहिलं, की बंदर म्हणजे पाठीवर गोणी वाहणं हे चित्र तिच्या डोक्यातून कायमचं जातं.

इथलं सगळंच उचलावं असं मात्र मी म्हणणार नाही. नेदरलँड्समध्ये बाराव्या वर्षीच मुलाची शाळेची वाट बरीचशी ठरते. कोण विद्यापीठाकडे, कोण कारागिरीकडे. हे मला फार लवकर वाटतं. आपल्याकडे दहावीपर्यंत सगळे एकत्र शिकतात, ते चांगलंच आहे. मला हवंय ते एवढंच, की निवड उशिरा होऊ दे, पण ओळख लवकर होऊ दे. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना, स्थानिक कारागिरांबरोबर घालवायची कल्पना आहे. त्यातला एक दिवस खडकवासल्याला आणि एक लोणी काळभोरला द्यायला काय हरकत आहे?

ओळख लवकर व्हायला हवी याचं अगदी व्यावहारिक कारणही आहे. रात्री जहाजाच्या डाव्या बाजूला लाल दिवा असतो, उजव्या बाजूला हिरवा. समोरचं जहाज येतंय की जातंय हे त्या रंगांवरून ओळखायचं, म्हणून डेकवर रंगांधळेपणा अजिबात चालत नाही. बारावीनंतर, फी भरायच्या तोंडावर, वैद्यकीय तपासणीत हे कळलं तर मूल कोसळतं. आठवीत डोळे तपासले तर तेच मूल शांतपणे जहाजाचं डिझाइन, बंदर व्यवस्थापन किंवा सागरी विमा यांकडे पाहू शकतं. तसंच आयएमयूच्या, म्हणजे भारतीय सागरी विद्यापीठाच्या, जहाजावर नेणाऱ्या पदवी अभ्यासक्रमांच्या प्रवेशासाठी बारावीला पीसीएममध्ये सरासरी ६० टक्के लागतात आणि दहावी किंवा बारावीला इंग्रजीत ५०. हेही पालकांना आधी माहीत असलेलं बरं.

नाहीतर ही माहिती एजंट देतो. "सहा महिन्यांत जहाजावर, पगार डॉलरमध्ये" म्हणत लाखो रुपये घेतो आणि मुलगा घरी बसतो. जहाजावर भरती करणाऱ्या कंपनीकडे नौवहन महासंचालनालयाचा आरपीएसएल परवाना लागतो आणि तो आहे की नाही हे कुणालाही तपासता येतं. ही एक गोष्ट नववीच्या वर्गात सांगितली तरी काही घरं कर्जातून वाचतील.

पालघर जिल्ह्यात होऊ घातलेल्या वाढवण बंदराचा वादही मी इथून वाचतो. तिथल्या मच्छीमारांची भीती खरी आहे आणि ती ऐकून घेतलीच पाहिजे. सरकार लाखो रोजगारांची भाषा करतं. पण ते रोजगार कुणाला मिळणार, हे आज आठवी-नववीत कोण काय शिकतंय यावरही ठरणार आहे, आणि त्या वर्गात कोळीवाड्यातली मुलं पहिली बसायला हवीत. त्यांना समुद्र आधीच कळतो, पुण्यातल्या मुलांना तो दाखवावा लागेल.

शाळांनी सुरुवात मोठ्या समारंभाने करू नये. कोथरूड, औंध, बाणेरला निवृत्त कॅप्टन आणि चीफ इंजिनिअर राहतात. बोलावलं तर त्यातले कितीतरी जण एक पैसा न घेता येतील. त्यांच्याबरोबर चार-पाच वर्षांत समुद्र सोडून किनाऱ्यावर आलेल्या एकालाही बोलवा आणि तो का आला ते मुलांसमोर विचारा. जहाजावर काम करणारी मुलगी सुट्टीवर घरी असेल तर तिला आवर्जून बोलवा, म्हणजे "मुलीला कशाला जहाजावर" या प्रश्नाला तीच उत्तर देईल. आणि महिनोन्महिने नवरा बोटीवर असताना दोन मुलं वाढवणाऱ्या बाईंना पालकसभेत अर्धा तास द्या.