रेसिपी दिली म्हणून ब्रुअरी बुडत नाही हो

सध्या एक पोस्ट जोरात फिरतेय, की क्राफ्ट ब्रुअरीने (वेगळ्या धाटणीची बिअर काढणाऱ्या छोट्या कारखान्याने) होमब्रूअर, म्हणजे घरी बिअर करणाऱ्या लोकांना रेसिपी देणं म्हणजे आपल्याच पायावर धोंडा पाडून घेणं, उद्या जो तो घरीच तीच बिअर काढणार. वाचताना पटतं खरं, पण एकेक मुद्दा घेऊ.

"धंदा बसेल." स्कॉटलंडच्या ब्रूडॉग ब्रुअरीने २०१६ मध्ये तोवरच्या सगळ्या रेसिपी, दोनशेच्या वर, फुकट पीडीएफमध्ये टाकल्या आणि त्याही २० लिटरच्या मापात, म्हणजे घरच्या भांड्यात थेट करता येतील अशा. पुढच्याच वर्षी एका अमेरिकन गुंतवणूकदाराने साधारण २२ टक्के हिस्सा घेतला तेव्हा कंपनीची किंमत लागली १ अब्ज पौंड! नंतर तोटा झाला, बार बंद पडले, मान्य, पण त्याचं खापर पीडीएफवर कसं फोडणार?

"सेम टू सेम कॉपी होईल." हे लिहिणाऱ्याने कधी बिअर केलेली दिसत नाही. घरी २० लिटर वर्ट (ज्याची पुढे बिअर होते तो धान्याचा गोड काढा) तांब्याच्या कॉइलने अर्ध्या तासात गार होतं, ब्रुअरीची हजारो लिटरची केटल उकळी थांबल्यावरही बराच वेळ गरम राहते आणि शेवटी टाकलेले हॉप्स (बिअरला कडवटपणा आणि वास देणारी फुलं) त्यात कडवटपणा सोडतच राहतात, म्हणजे प्रमाण तेच, मिनिटं तीच, तरी चव वेगळी. त्यात पाण्यातले सल्फेट-क्लोराइडसारखे क्षार वेगळे, यीस्ट कितपत ताजं, फर्मेंटेशनचं म्हणजे आंबवण्याचं तापमान दोन-चार डिग्री इकडेतिकडे... आणि बाटलीत भरताना हवा लागली की आयपीएचा (भरपूर हॉप्सवाल्या बिअरचा) हॉप्सचा वास काही आठवड्यांत गायब, उरतो ओल्या पुठ्ठ्याचा. रेसिपी हातात असूनही हं.

"होमब्रूअर नुसते फुकटे." अहो, अमेरिकेतल्या सिएरा नेवाडा ब्रुअरीचा संस्थापक केन ग्रॉसमन आधी कॅलिफोर्नियातल्या चिको गावात होमब्रूइंगच्या सामानाचं दुकान चालवायचा, ब्रुअरी १९८० ची! याच ब्रुअरीने २०१८ च्या तिथल्याच 'कॅम्प फायर' नावाच्या वणव्यानंतर मदतनिधीसाठी 'रेझिलियन्स' आयपीएची रेसिपी चक्क दुसऱ्या ब्रुअऱ्यांना वाटली, हजाराहून जास्त जणांनी ती बनवली. होमब्रूअर सोडा, प्रतिस्पर्ध्यांनाच दिली की.

"मग ब्रुअरीकडे राहिलं काय?" नाव आणि लेबल, ट्रेडमार्क आहे ना. शिवाय दर बॅच सारखी काढायची हातोटी.

द्यायची नसेल तर नका देऊ, जबरदस्ती नाही, फक्त "मर्जी नाही" म्हणा, बुडण्याची भीती कशाला घालता. आणि हे वाचून पुण्या-मुंबईत कुणी लगेच बादली काढू नका, लायसन्सशिवाय घरी बिअर करणं आपल्याकडे गुन्हा आहे.